पाचशे शिक्के

हंगरवाडीच्या वाचनालयात शिक्का नसलेली एक वस्तू शोधून दाखवा, अशी पैज कुणी लावली तर तिच्या नादी लागू नका. नळदुर्गहून आत सात किलोमीटरवरचं हे दोन खोल्यांचं वाचनालय. त्यातल्या खुर्च्यांच्या पाठीवर शिक्का आहे, भिंतीवरच्या घड्याळावर आहे, माठाच्या लाकडी झाकणावर आहे आणि केरसुणीच्या मुठीला गुंडाळलेल्या कापडी पट्टीवरही आहे. हे सगळं ग्रंथपाल गिरिजाबाईंचं काम. गेली एकतीस वर्षं जे जे दारातून आत आलं ते ते त्यांनी आधी शिक्क्याखाली घातलं आणि मगच जागेवर ठेवलं. त्यांचे यजमान बलभीमराव पारावर बसून सांगतात, "आमच्या लग्नाच्या टायमाला हिच्याकडं शिक्का नव्हता, म्हणून म्या वाचलो."

लोक हसतात. पण या शिक्क्यामागं एक रडणं आहे, ते फार थोड्यांना माहीत आहे. गिरिजाबाईंनी चावी हातात घेतली तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. आधीच्या माणसानं पुस्तकं मोजून दिली नाहीत आणि यांनी मोजून मागितली नाहीत. तीन महिन्यांनी तपासणी आली. दोनशे बारा पुस्तकं नोंदवहीत होती आणि फळीवर नव्हती. गावात शोधायला गेल्या तर घरोघर पुस्तकं दिसत होती, पण ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "ही आमचीच हायेत, बाई. तुमचं नाव कुठं लिवलंय त्यांच्यावर?" तपासणीच्या साहेबांनी भर मंडळीत विचारलं, "हे वाचनालय आहे का धर्मशाळा?" त्या दिवशी गिरिजाबाई चुलीपुढं बसून रडल्या आणि दुसऱ्या दिवशी नळदुर्गहून दोन शिक्के करून घेऊन आल्या. एक मोठा गोल, पुस्तकाच्या पहिल्या पानासाठी. दुसरा लहान लंबगोल, नुसता 'हं. वा.' एवढ्या अक्षरांचा, गुप्त पानासाठी. हे गुप्त पान वाचनालयवाल्यांचं खास असतं. चोरानं पहिलं पान फाडलं तरी आत ठरलेल्या एका पानावर खूण उरते. हंगरवाडीचं गुप्त पान एकतिसावं. आता मी ते सांगून टाकलं, पण पुस्तक चोरून नेण्याइतकी वाचनाची ओढ या गावात कुणाला उरली असेल तर गिरिजाबाईंना आनंदच होईल.

गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर सोलापूरहून एक टेंपो आला. त्यात पुस्तकांच्या अकरा पेट्या होत्या. गोपाळकृष्ण सर मूळचे तुळजापूरचे. तरुणपणी चार वर्षं हंगरवाडीच्या शाळेत शिकवायला होते, मग सोलापूरच्या कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक झाले. श्रावणात ते वारले. त्यांच्या मुलीनं, भैरवीनं, पुस्तकं या वाचनालयाला देऊन टाकली. दोन लोखंडी कपाटंही मागाहून पाठवते म्हणाली. गिरिजाबाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी पदर खोचला, शाईची गादी ओली केली आणि कामाला लागल्या.

सातव्या पेटीत, जाड शब्दकोशांच्या खाली, बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत पुठ्ठ्याचे बारके बारके तुकडे. प्रत्येकाला कुठं बोंडूक, कुठं खाच. वरच्या बाजूला काळ्या रेघांचं छापील काहीतरी, मागं करडा खरबरीत पुठ्ठा. चित्राचं कोडं आहे हे बाईंना कळलं, अंगणवाडीत हत्ती-मोराची लाकडी कोडी त्यांनी पाहिली होती. खोका नव्हता, मूळ चित्र नव्हतं, किती तुकडे असायला हवेत याचा कुठं पत्ता नव्हता. आता दुसरी बाई असती तर डबा कपाटावर टाकून मोकळी झाली असती. पण गिरिजाबाईंच्या हिशेबी वस्तू दारातून आत आली होती. त्यांनी तुकडे मोजले. बरोबर पाचशे भरले. मग एकेक तुकडा घेऊन त्याच्या पाठीवर बॉलपेनानं नंबर घातला, एक ते पाचशे. शिक्काही पाठीवरच मारायचा होता, पण करड्या पुठ्ठ्यावर जांभळी शाई दिसेना. न दिसणारा शिक्का कसला शिक्का? त्यांनी तुकडा उलटला. पुढच्या कागदावर लहान लंबगोल शिक्का असा सुरेख उमटला की बाईंना समाधान वाटलं. दोन दुपारी त्या ठाप ठाप करत बसल्या. नोंदवहीत लिहिलं : 'चित्राचे तुकडे, नग ५००.' खाली सही केली.

भैरवीचा फोन आला तो पुढं महिन्याभरानं, एका सोमवारी.

"मावशी, एक विचारायचं होतं. पेट्यांमधून चुकून एक बिस्किटाचा डबा आलाय का तुमच्याकडं? त्यात चित्राचे तुकडे आहेत. बाबांचं आहे ते. द्यायचं नव्हतं हो. पेट्या भरणाऱ्यांनी तोही भरला. मी रविवारी येते न्यायला."

"हाय, हाय. नीट ठेवलाय," गिरिजाबाई बोलून गेल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी डबा उघडला. मेलेल्या बापाची आठवण न्यायला लेक येणार, आणि आपण त्या आठवणीवर पाचशे वेळा हंगरवाडी वाचनालय असं ठोकून ठेवलंय. तपासणीच्या साहेबांसमोर वाटली होती तिच्या दसपट लाज त्यांना आत्ताच वाटायला लागली.

मंगळवारी त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एका तुकड्यावर घासून पाहिला. शिक्का फिकटला, पण त्याच्याबरोबर काळ्या रेघाही उठून आल्या आणि तुकडा जांभळट चिखलासारखा दिसायला लागला. बाईंनी बोळा टाकून दिला.

वाचनालयाचे अध्यक्ष कल्याणप्पा रोज सकाळी पेपर वाचायला येतात. हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आहे, माणूस दिलदार, पण कपाटं म्हटली की त्यांचा जीव हलतो. सगळं ऐकून ते म्हणाले, "यात काय यवडं? डबा आलाच न्हाय म्हणून सांगा. अकरा पेट्या, टेंपोचा परवास, कुठं काय पडलं कुनाला ठावं?"

"अप्पा, फोनवर हाय म्हणून बसले की मी."

"मग उंदरानं खाल्लं म्हणा."

"नोंदवहीत नोंद हाय, पाचशे नग."

"खोडा की मग नोंद! एक रेघ मारायला काय लागतंय?"

इथं मात्र गिरिजाबाई खुर्चीतून उठल्या. "एकतीस वर्षांत म्या एक रेघ खोडली न्हाय. तुमी अध्यक्ष हाव, तुमी खोडा आन् खाली सही करा."

अप्पांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपराआडून एवढंच आलं, "कपाटं जाणार बगा, बाई. मी सांगून ठेवतो."

झाडलोट करणाऱ्या कडूबाई इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. पासष्टीच्या, निरक्षर, आणि आसपासच्या चार गावांत त्यांच्या हातच्या वाकळा नावाजलेल्या. त्या म्हणाल्या, "बाई, आदी जोडून तर बगू. किती नासलंय त्ये तरी कळंल. डब्यात हाय तवर समदंच नासल्यावानी वाटतंय."

बोलणं खरं होतं. पेपरांचं मोठं टेबल मोकळं केलं, पेपर वाचणाऱ्यांना पायरीवर बसवलं. तुकडे पसरल्यावर गिरिजाबाईंनी कपाळाला हात लावला. रंग असते तर निळ्याला निळं लावलं असतं. इथं सगळं काळं-पांढरं, ठशावरून काढलेलं जुनं चित्र, बारीक बारीक रेघांनी भरलेलं. पाठीवर नंबर होते, पण ते डब्यातून हाताला लागले त्या क्रमानं घातलेले. म्हणजे एक नंबर टेबलाच्या या टोकाला आणि दोन नंबर त्या टोकाला. आपल्याच कामाचा एवढा निरुपयोग बाईंना कधी जाणवला नव्हता.

सुटका कडूबाईंनी केली. त्या तुकडा डोळ्याजवळ नेत, बोट फिरवत आणि म्हणत, "हिकडं टाके उभं हायेत बगा. हिकडं तिरपं. ह्ये दाट घातलंय, म्हंजी सावली असंल." चित्र कशाचं आहे हे त्यांनी विचारलंच नाही. रेघांना त्या टाके समजल्या आणि वाकळेची पट्टी जुळवावी तशा उभ्या टाक्याला उभा टाका लावत गेल्या. पहिल्या दिवशी चारी कडा लागल्या. बुधवारी वरचं तख्तपोशीसारखं छत आणि खिडक्या. गुरुवारी बाकांवर दाटीवाटीनं बसलेली, उठलेली, हात वर केलेली माणसं. अप्पाही चष्मा पुसून टेबलाशी यायला लागले आणि हळूच एखादा तुकडा चुकीच्या जागी दाबून बघायला लागले. कडूबाई त्यांच्या हातावर चापट मारायच्या.

शनिवारी दुपारी शेवटचा तुकडा बसला. सभागृहाच्या मधोमध टोपी घातलेला एक ऐटबाज माणूस उभा होता. मागं दाराशी तलवारी घेतलेली माणसं. आणि त्याच्यासमोर लांब झग्यातला एकजण गुडघे टेकून, हात पसरून काही सांगत होता. या सगळ्यांवर जांभळे लंबगोल शिक्के. अंगावर गोवर उठावा तसे, टोपीवर, तलवारींवर, बाकांवर, कुणाच्या गालावर.

"राजा दिसतोय," अप्पा म्हणाले. "त्यालाबी शिक्का मारून ठेवलाय बाईनं."

सरांच्याच पुस्तकांत इंग्लंडचा एक मराठी इतिहास होता. त्यात हाच प्रसंग निघाला. गिरिजाबाईंनी उभ्यानं वाचला आणि दोघांना आपल्या भाषेत सांगितला. पावणेचारशे वर्षांमागं तिथल्या राजाचं आणि लोकांच्या सभेचं बिनसलं. राजा शिपाई घेऊन थेट सभेत घुसला आणि पाच जणांना पकडून द्या म्हणाला. ते पाचही आधीच नावेतून पसार झाले होते. राजानं सभापतीला विचारलं, कुठं आहेत ते? सभापती गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, महाराज, या सभागृहात मला बघायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. ही सभा सांगेल तेवढंच मी बघतो आणि बोलतो.

"म्हंजी न्हाय म्हणला," कडूबाई म्हणाल्या.

"व्हय. वाकून न्हाय म्हणला."

"लई धीराचा गडी."

गिरिजाबाई त्या गुडघे टेकलेल्या माणसाकडं बघत राहिल्या. त्याला निदान नाही म्हणायचं होतं. आपल्याला उद्या वाकून हो म्हणायचंय, हो, मीच केलं. त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि बलभीमरावांनी शिक्क्यावरून एकही चेष्टा केली नाही, यावरून काय ते समजा.

रविवारी दहाच्या सुमारास भैरवी आली. चाळिशीची, डोळ्यांखाली काळं झालेलं, खांद्याला रिकामी कापडी पिशवी. गिरिजाबाईंनी तिला दारातच अडवलं. आत जाऊन बघितल्यावर सांगणं म्हणजे पकडल्यावर कबूल होणं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"ताई, आदी ऐका, मग आत या. माझ्या हातून चूक झालीय. डब्यातल्या एकेका तुकड्यावर मी वाचनालयाचा शिक्का मारला. चित्राच्या अंगानं. मला वाटलं तुमी दिलंय. पुसायला गेले तर एक तुकडा आणखी बिघडला. चित्र आमी जोडून ठेवलंय, पण त्याच्यावर पाचशे शिक्के हायेत. तुमी बोला काय बोलायचं ते. मी ऐकून घेते."

भैरवीनं शिक्क्यांचं काही ऐकलं असं वाटेना. "जोडलंय?" ती म्हणाली. "सगळं?"

ती आत गेली. टेबलाभोवती फिरली, चारी कडांवरून बोट नेलं, मग वाकून मधला भाग बघितला. कडूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. अप्पा पायरीवर पेपर उलटा धरून बसले होते.

"एकही कमी नाही?"

तिला आपला संशय आला असं गिरिजाबाईंना वाटलं. त्यांनी लगबगीनं नोंदवही आणली. "पाचशे आले होते, पाचशे हायेत. ही बगा नोंद, ही तारीख. पाठीवर नंबर हायेत एकेकाच्या. माझ्याकडनं एकबी गेला न्हाय, ताई. शप्पथ."

भैरवीनं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग पिशवीसकट खाली खुर्चीत बसली आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली. गिरिजाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कडूबाईंनी माठातलं पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन ती बोलायला लागली ती गिरिजाबाईंशी, पण बघत होती चित्राकडं.

"बाबांना शेवटची दोन वर्षं विसरायला होत होतं. हा प्रसंग त्यांनी तीस वर्षं शिकवला, मावशी. कोण कुठं उभा, कोण काय म्हणाला, ते पाठ होतं. त्या दिवसांतही सांगायचे. पण दोन तुकडे काही जुळायचे नाहीत. सकाळपासून बसायचे. तुकडे खिशात घालायचे, ताटाखाली ठेवायचे, मी केर काढताना गोळा करायची. एक दिवस म्हणाले, तू तुकडे टाकून देतेस, म्हणून मला जमत नाही. रोज म्हणायला लागले. मी फार थकले होते हो. एकदा ओरडले, 'हो, हरवलेत! अर्धे हरवलेत! हे कधीच पुरं होणार नाही!' आणि सगळं डब्यात कोंबलं. त्यांनी परत कधी मागितलं नाही. अठरा दिवसांनी गेले."

तिनं कडेचा एक तुकडा बोटानं दाबून पाहिला.

"तेव्हापासून डोक्यात तेच. खरंच माझ्याच हातून केरात गेले असतील का? म्हणजे बाबा बरोबर होते, आणि मी त्यांना न जमणारं काम देऊन वर त्यांनाच बोलले. डबा उघडून बघायचा धीर झाला नाही. रात्री डोळा लागला की तो डबाच दिसतो. शेवटी ठरवलं, जाऊन आणायचा आणि एकदाचं जोडून बघायचं."

"एकबी हरवला नव्हता," गिरिजाबाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत मोजदादीचं एवढं समाधान त्यांना कधी मिळालं नव्हतं, आणि ते आपल्यासाठी नाही हेही त्यांना कळत होतं. त्यांनी पुन्हा सांगितलं, "एकबी न्हाय, ताई. तुमी समदं गोळा केलं होतं."

कडूबाई पुढं आल्या. "पोरी, बोललीस ते बोललीस. घरात माणूस आजारी असलं की तोंडातनं निघतं. माझ्या सासूला म्या काय काय बोलले, त्ये देवालाच ठावं. पण बापाचं काय हरवलंस, असं तर न्हाय ना? मग झालं."

भैरवीनं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच नीट चित्र बघितलं. राजाच्या टोपीवर 'हं. वा.', दाराशी तलवारीवर 'हं. वा.'. तिच्या ओठांचा कोपरा हलला. मग ती हसायला लागली, आवरेना इतकी.

"बाबा असते तर म्हणाले असते, सभेनं राजालाही नोंदवहीत घेतलं!"

तेव्हा कुठं गिरिजाबाईंचा जीव भांड्यात पडला. सोमवारपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. त्यांना एकदम कडकडून भूक लागली.

"शिक्के चालतील तुमाला?"

"मला हे न्यायचंच नाही आता. न्यायचं म्हणजे मोडून परत डब्यात भरायचं. ते माझ्याच्यानं होणार नाही. राहू द्या इथंच, असंच जोडलेलं. कपाटांबरोबर वर ठेवायला एक काच पाठवते."

पायरीवर अप्पांनी पेपर सुलटा केला.

कडूबाईंनी चहा आणला. भैरवीनं अर्धा प्यायला, टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्यावर कोपर ठेवलं, कोपरावर डोकं ठेवलं, आणि बोलता बोलता तिचा डोळा लागला. गिरिजाबाईंनी पंखा तिच्याकडं वळवला. बारा वाजले. दुपारी बाराला वाचनालय बंद होतं, पाटीवर तसं लिहिलंय. गिरिजाबाईंनी कुलूप लावलं नाही. पेपर वाचणाऱ्या दोघांना हातानंच उठवलं आणि चपला हातात घेऊन जायला सांगितलं.

"झालं का मिटवामिटव?" अप्पांनी कुजबुजत विचारलं.

"झोपल्यात. बोलू नका."

त्या दारात पायरीवर बसून राहिल्या. बलभीमराव भाकरी घेऊन आले, तर त्यांनाही तिथंच बसवलं आणि दोघांनी न बोलता पायरीवर जेवण केलं. उन्हं उतरायला लागली तेव्हा आत खुर्ची सरकली. भैरवी बाहेर आली. गालावर टेबलाच्या कडेचा वळ उठला होता. उन्हाकडं बघत तिनं विचारलं, "किती वाजले, मावशी?"

"साडेतीन."

"एवढा वेळ?" ती तिथंच पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "झोपेत मला काहीच दिसलं नाही. डबासुद्धा नाही."